ग्लास हे माप नाही

माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी सात वाजता गॅलरीत बसून एक ग्लास रम घेत. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि घराबाहेर कुणालाही कळू नये म्हणून माझी धडपड चालायची. पाहुणे येणार म्हटलं की मी बाटली उचलून साबणाच्या डब्यामागे सरकवायची. पाहुणे गेले की सासूबाई एक शब्द न बोलता ती काढून पुन्हा कपाटात, सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवायच्या. यावरून आमचं भांडण कधी झालं नाही. बाटलीच तेवढी इकडून तिकडे जायची.

सवय जुनी होती. सासरे असताना दोघं मिळून बसायचे, एकेक ग्लास घ्यायचे आणि दिवसभरात कोण काय म्हणालं ते एकमेकांना सांगायचे. सासरे गेल्यावर महिनाभर गॅलरीचं दार बंदच होतं. मग एका संध्याकाळी सासूबाईंनी ते उघडलं, एकच खुर्ची बाहेर नेली आणि एकच ग्लास भरला. मला ते बघून गलबलून आलं होतं. पण म्हणून बाटली लपवायची मी काही सोडली नाही.

त्यांची नोकरी वजनमापे खात्यातली. एकतीस वर्षं निरीक्षक. पेट्रोल पंपावर जायचं, पाच लिटरच्या मापात पेट्रोल सोडायला लावायचं आणि काटा खोटं बोलतोय का ते बघायचं. दुकानातल्या वजनांना खालून शिसं काढलंय का ते बघायचं. बारमध्ये जाऊन पेगचं माप तपासायचं. बाजारात त्यांना ‘मिलिलिटर बाई’ म्हणत. त्यांना स्वतःला ते नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

झालं असं, की निवृत्त लोकांच्या वार्षिक तपासणीचा दिवस आला. सासूबाई आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मामा, दोघांना एकाच सरकारी दवाखान्यात एकाच दिवशी बोलावणं होतं. मामा निवृत्त मुख्याध्यापक. साधं ‘पाणी दे’ म्हणाले तरी समोरच्याला उभं राहावंसं वाटेल असा आवाज. मी सुट्टी काढून दोघांना घेऊन गेले.

बाहेर बसवून आमच्या हातात फॉर्म दिले. त्यात एक प्रश्न होता : ‘मद्यपान करत असल्यास दिवसाला किती ग्लास?’ मामांनी ऐटीत ‘२’ लिहिलं. सासूबाईंनी ‘१’ लिहिलं. मी तो आकडा बघून इकडेतिकडे पाहिलं, कुणी वाचत नाही ना म्हणून.

डॉक्टरांनी आधी मामांना घेतलं. रक्तदाब जरा जास्त होता. फॉर्म बघून डॉक्टर म्हणाले, “रोज दोन. ठीक आहे, मर्यादेत आहे. तेवढंच ठेवा.” मामा विजयी मुद्रेने उठले.

मग सासूबाई बसल्या. डॉक्टरांनी फॉर्मकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“हे तुम्हीच लिहिलंय?”

“अक्षर माझंच आहे.”

“नाही म्हणजे, या वयात, बाईमाणसाने... बंदच करा तुम्ही.”

“दादाला दोन चालतात आणि मला एक चालत नाही?”

“पुरुषांची मर्यादा वेगळी असते, बाई.”

“कुणी ठरवली?”

“जगभर तसंच आहे.”

“जगभर म्हणजे कुठे कुठे?”

डॉक्टर हसले आणि पुढच्या पेशंटसाठी त्यांनी घंटी वाजवली. ती घंटी त्यांना फार महागात पडणार होती, पण तेव्हा ते त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

आठवड्याने रिपोर्ट घरी आला. खाली लाल अक्षरात शिक्का : ‘मद्यपान त्वरित बंद करावे.’ नवऱ्याने तो वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. आईशी बोलायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्याने मामांना फोन केला. “मामा, तुम्हीच समजावा. तुमचं ती ऐकेल.” मामा म्हणाले, “रविवारी जेवायला येतो. बघतोच.”

इकडे सासूबाई चार दिवस संगणकासमोर ठाण मांडून बसल्या होत्या. चष्मा नाकावर, वही मांडीवर. पाचव्या दिवशी मी भाजी निवडत होते तर त्या समोर येऊन बसल्या.

“जगभर तसंच नाहीये,” त्या म्हणाल्या.

“काय नाहीये, आई?”

“काहीच. अगं, ‘एक ड्रिंक’ म्हणजे किती, इथपासून यांचा गोंधळ. ब्रिटनमध्ये एक म्हणजे आठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ऑस्ट्रेलियात दहा. अमेरिकेत चौदा. ऑस्ट्रियात तर वीस! मी बाजारात एकाला आठशे ग्रॅमचा किलो आणि दुसऱ्याला दोन किलोचा किलो चालू दिला असता तर मला घरी बसवलं असतं.”

“आणि बायकांचं?”

“अमेरिकेत बरीच वर्षं बाईला पुरुषाच्या निम्मं सांगत आलेत. ब्रिटनमध्ये नि ऑस्ट्रेलियात दोघांना एकच आकडा. ब्रिटन म्हणतं आठवड्याला त्यांची चौदा युनिटं, ऑस्ट्रेलिया म्हणतं त्यांची दहा. कॅनडातले तज्ज्ञ सगळ्यात कडक. त्यांचा नवा सल्ला असा, की आठवड्याला दोनच्या पुढे गेलात की धोका वाढायला लागला. आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अजिबात धोका नाही असं प्रमाणच नाही.”

मला जरा बरं वाटलं. “म्हणजे बंद केलेलीच चांगली ना?”

त्यांनी वही मिटली. “बाईच्या अंगात पाणी कमी असतं, तेवढ्याच दारूचा तिला जास्त त्रास होतो. हे खरं आहे, मी वाचलं. हे त्याने सांगितलं असतं तर मी मुकाट्याने ऐकलं असतं. पण तो हे म्हणाला नाही. तो ‘बाईमाणसाने’ म्हणाला. धोका सांगायचा असेल तर धोका सांग. लाज कसली काढतोस?”

मी खाली मान घालून देठं तोडत राहिले. साबणाचा डबा माझ्या डोळ्यासमोर आला होता.

रविवारी मामा-मामी आले. जेवणं झाली. भांडी आवरून मी येते तोवर मामांनी सुरुवात केलीही होती. दिवाणावर ताठ बसून, हाताची बोटं एकमेकांत गुंतवून. शाळेत पोरांना ते असेच ऑफिसात उभं करत असणार.

“हे बघ, रिपोर्ट वाचला मी. आपल्या घराण्यात हे शोभत नाही. चार लोकांत पोरांना मान खाली घालावी लागते.”

“कुणाच्या माना खाली आहेत?” सासूबाईंनी विचारलं. नवऱ्याने मान खाली घातली. मी तर आधीच घातली होती.

“विषय बदलू नकोस. डॉक्टरांनी तुला बंद करायला सांगितलंय की नाही?”

“सांगितलंय. आणि तुला?”

“मला मर्यादेत आहे म्हणाले. मी दोन घेतो. दोन म्हणजे दोन. आयुष्यात तिसरा ग्लास घेतला नाही.”

“मोजलेस?”

“काय मोजायचंय? दोन मोजता येत नाहीत होय मला? पस्तीस वर्षं गणित शिकवलंय.”

सासूबाई उठल्या. आतल्या खोलीत जाऊन एक उंच काचेची नळी घेऊन आल्या. अंगावर बारीक रेघा, खाली जाड बैठक. तपासणीला त्या अशीच नळी नेत असत. ती त्यांनी टेबलावर ठेवली. शेजारी पाण्याचा जग. मग स्वतःचा गॅलरीतला ग्लास आणला.

“आधी माझं,” त्या म्हणाल्या. “मीही कधी मोजलेलं नाही. लोकांचं मोजण्यात जन्म गेला.”

त्यांनी रोजच्या सवयीने ग्लासात अंदाजाने पाणी ओतलं, जेवढी रम घेतात तेवढंच. मग ते नळीत रिकामं केलं. खाली वाकून, डोळा रेघेच्या बरोबर समोर आणून त्यांनी आकडा वाचला. एक क्षण त्या तशाच वाकून राहिल्या.

“पंचावन्न,” त्या म्हणाल्या. “मला तीस वाटत होते.”



“चाळीस टक्क्यांच्या दारूत शंभर मिलिलिटरला साधारण बत्तीस ग्रॅम. म्हणजे मी रोज साडेसतरा ग्रॅम घेते. ऑस्ट्रियात माझा एकसुद्धा भरत नाही. ब्रिटनमध्ये दोनाच्या वर जातात. आठवड्याचा हिशोब घातला तर ब्रिटनचीही मर्यादा मी ओलांडते नि ऑस्ट्रेलियाचीही. आणि कॅनडात माझा आठवडा सोमवारी सुरू होऊन मंगळवारी संपतो.” त्यांनी हे वहीत लिहून ठेवलं. आपलीच चूक त्या कुठल्याशा दुकानदाराची असल्यासारखी लिहीत होत्या, एक अक्षरही सौम्य न करता.

“बघ!” मामा म्हणाले. “म्हणजे डॉक्टर बरोबर होते.”

“आकडा न विचारता बरोबर होते. आता तुझं.”

“माझं काय?”

“वहिनी,” सासूबाई मामींकडे वळल्या, “घरी रोज ओततं कोण?”

मामी दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. आमच्या मामी बोलायच्या फार कमी. चाळीस वर्षांत मामांच्या बोलण्यामध्ये त्यांना फट सापडली नसावी. “मीच,” त्या म्हणाल्या.

“मग या. ओता.”

मी मामांच्या घरच्यासारखा उभा, जाड काचेचा ग्लास शोधून दिला. मामींनी जग उचलला. त्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी भुवई नुसती वर केली. तेवढ्यावर शाळेतला अख्खा वर्ग गप्प होत असेल. मामींचा हात हवेत थांबला. मग त्यांनी ओतायला सुरुवात केली, आणि पाणी चढत गेलं, चढत गेलं.

“अगं, काय करतेस! एवढी नसते,” मामा म्हणाले.

मामींनी जग खाली ठेवला. “एवढीच असते.”

“वेड लागलंय तुला.”

“कमी झाली की तुम्ही ग्लास तसाच पुढे करता. बोलत नाही, पण पुढे करता. मग मी भरते. बारा वर्षं मी एवढीच भरतेय.” सासूबाईंनी ग्लास नळीत रिकामा केला, तशी मामींनी तो पुन्हा तेवढाच भरला. “आणि दुसरीही एवढीच असते.”

सासूबाईंनी तेही नळीत ओतलं. दोनशे चाळीस. त्यांनी मोठ्याने वाचलं नाही, वही मामांच्या पुढे सरकवली. गणित मामांना येत होतं. शहात्तर ग्रॅम. ब्रिटनचा अख्ख्या आठवड्याचा वाटा दीड दिवसात. अमेरिकेच्या मोजणीने रोजचे पाचाहून अधिक.

“दोन म्हणजे दोन,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “दादा, एकतीस वर्षं मी हॉटेलवाल्यांना पाच मिलिलिटर कमी ओतलं म्हणून धारेवर धरलं. घरचा हात जास्त ओततो, त्याच्याकडे बघायचं मला सुचलंच नाही. तुला नाही नि मलाही नाही.”

मामा उठले. चेहरा लालबुंद. “मला शिकवायला बोलावलं होतं की माझी शोभा करायला?” त्यांनी दारातून नवऱ्याकडे बोट दाखवलं, जणू सगळा कट त्याचाच होता. “ठीक आहे. आजपासून मी थेंबाला शिवणार नाही. बघाच तुम्ही. मला कुणाची नळी नको नि कुणाचा देश नको!” आणि ते जिना उतरून गेले. मामी चपला घालताना माझ्या दंडाला नुसता हात लावून गेल्या.

मला वाटलं, चला, काहीतरी चांगलं घडलं. सासूबाई मात्र त्या संध्याकाळी गॅलरीत गेल्या नाहीत.

मामांनी शब्द पाळला. तीच भानगड झाली.

मंगळवारी सकाळी सात वाजता मामींचा फोन आला. “ताईंना देतेस?” सासूबाईंनी फोन कानाला लावला आणि ऐकता ऐकता दुसऱ्या हाताने पर्स शोधायला लागल्या. आम्ही रिक्षा करून गेलो. मामा पलंगावर बसले होते. अंगातला सदरा घामाने भिजलेला. हात असे थरथरत होते की चहाचा कप त्यांना धरवत नव्हता. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, “त्या पोरांना आधी बाहेर काढ. वर्ग सुटलाय.” खोलीत पोरं नव्हती.

मी त्या आवाजाला आयुष्यात पहिल्यांदा घाबरले नाही. मला रडू आलं.

दवाखान्यात तेच डॉक्टर. त्यांनी नाडी धरली, डोळे बघितले आणि लगेच आत घ्यायला सांगितलं. सलाइन लागलं, गोळ्या सुरू झाल्या. तासाभराने ते बाहेर आले आणि वैतागून म्हणाले, “एकदम बंद कुणी करायला सांगितली यांना? इतकी पिणाऱ्याने अशी एका दिवसात सोडायची नसते. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आमच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवावी लागते. पण हे तर दोनच घेत होते ना?”

सासूबाई बाकावर बसल्या होत्या. चेहरा पांढरा. मला ठाऊक होतं, त्या स्वतःला दोष देत होत्या. रविवारची ती वही, ते पाणी. त्या उठल्या तेव्हा मला वाटलं, आता माफी मागतील.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “मी भावाला चिडवलं. एकदम सोडणं धोक्याचं असतं हे मी वाचलं नव्हतं. अर्धंच वाचून परीक्षा घ्यायला बसले. ते माझ्या डोक्यावर. पण तुमची एक चूक आहे, ती तुम्ही घ्या.”

“माझी?”

“याने दोन लिहिले. तुम्ही विचारलं नाही, दोन काय? केवढे दोन? कसले दोन? ‘मर्यादेत’ म्हणून मोकळे झालात. हा रोज पाव लिटर पीत होता आणि तुमच्या शिक्क्याने पीत होता.”

“बाई, पेशंट खोटं सांगतात, त्याला आम्ही काय करणार?”

“तो खोटं बोलला नाही. त्याला दोनच वाटत होते. मलासुद्धा माझा एकच वाटत होता. तुमच्या फॉर्मवर लिहिलंय, किती ग्लास? डॉक्टर, ग्लास हे माप नाही. ग्लास हे भांडं आहे. बाजारात कुणी ‘दोन भांडी तेल’ विकलं असतं तर मी दुकानाला टाळं ठोकलं असतं.”

बाकावर रांगेने बसलेले लोक आता उघडपणे ऐकत होते. डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “फॉर्म वरून येतो. मुख्य कार्यालयातून. मी बदलू शकत नाही.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. ‘बरं’ असं त्या दुकानदारांनाही म्हणायच्या, खाली बसून पंचनामा लिहायच्या आधी.

मी छापखान्यात काम करते. अक्षरजुळणी, मुद्रितं तपासणं, कागद कापून घेणं. गुरुवारी सासूबाईंनी मला वहीचं एक पान दिलं. “हे छापून मिळेल?”

त्यावर तीन ओळी होत्या. ‘तुम्ही घरच्या ग्लासात किती मिलिलिटर ओतता? पाणी ओतून मोजा. बाटलीवर किती टक्के लिहिले आहे? आठवड्यातले किती दिवस?’ आणि खाली जरा ठळक : ‘रोज आणि पुष्कळ घेत असाल तर एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना सांगा.’

मी पान बघत बसले. ती शेवटची ओळ लिहिताना पेन इतकं दाबलं होतं की मागच्या बाजूला अक्षरं उमटली होती.

“आई, दवाखान्यात वाटू देणार नाहीत.”

“मी परवानगी मागितलीय का तुला?”

“तसं नाही. मी म्हणत होते, अक्षर जरा मोठं घेऊ. बाकावरची बहुतेक माणसं म्हातारी आहेत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसल्या. त्या रविवारनंतर पहिल्यांदा.

मालकांना विचारून मी कापलेल्या कागदाच्या उरलेल्या पट्ट्या घेतल्या आणि पाचशे चिठ्ठ्या काढल्या. सोमवारी सकाळी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. फॉर्म घेऊन बसलेल्या प्रत्येकाच्या हातात सासूबाई चिठ्ठी देत होत्या. एकजण म्हणाला, “मी पीत नाही हो.” त्या म्हणाल्या, “छान आहे. घरात कुणी घेत असेल त्याला द्या.” एका बाईने चिठ्ठी वाचली, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली, आणि बाजूला बसलेल्या नवऱ्याला दाखवली नाही. दुसरा एक जाडजूड गृहस्थ तावातावाने म्हणाला, “तुम्ही कोण आम्हाला सांगणाऱ्या? तुम्ही स्वतः घेता म्हणे!” दवाखान्यातली बातमी बाजारात पोचायला वेळ लागत नाही.

पूर्वी हे ऐकून मी जमिनीत गडप झाले असते. त्या दिवशी माझ्याच तोंडून निघून गेलं, “घेतात. पण मोजून. तुम्ही किती घेता?”

गृहस्थांनी फॉर्म तोंडासमोर धरला.

मोजून ही गोष्ट खरी होती. सासूबाईंनी आता एक लहान माप आणलं होतं, तीस मिलिलिटरचं. आठवड्यातले दोनच दिवस. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा विचारलं होतं, “एवढं सगळं वाचून तुम्ही तरी पूर्ण बंद करणार ना?” तेव्हा मी तिथेच होते.

“शून्याइतकं कमी धोक्याचं काही नाही, हे मला कळलंय,” त्या म्हणाल्या. “कॅनडाच्या त्या कडक कागदातही मी आता बसते. त्याच्या खाली फक्त शून्यच आहे. उद्या मला वाटलं तर मी शून्यावर येईन. पण येईन ती आकडा बघून येईन. कुणी ‘बाईमाणसाने’ म्हटलं म्हणून नाही.” डॉक्टरांनी रिपोर्टवर ‘६० मिलि, आठवड्याला’ असं लिहिलं. मिलिलिटरमध्ये लिहिलेला त्या दवाखान्यातला तो बहुधा पहिलाच आकडा.

मामा अकरा दिवसांनी घरी आले. वाळले होते. औषधं चालू होती, दर आठवड्याला तपासणी होती. संध्याकाळ झाली की खोलीत येरझाऱ्या घालायचे. मामी त्यांना पत्ते खेळायला बसवायच्या आणि दर डावाला हरवायच्या. हरवायच्या आणि मोठ्याने हसायच्याही. मामा म्हणत, “या बाईला पत्ते येतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.” सासूबाईंशी मात्र ते बोलत नव्हते. त्या भेटायला गेल्या की भिंतीकडे तोंड करून पडायचे. सासूबाई अर्धा तास बसायच्या, मामींबरोबर चहा घ्यायच्या आणि परत यायच्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की पुन्हा जाणार नाही.

महिन्याभराने मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. सासूबाईंच्या नावावर, रजिस्टर्ड. दवाखान्याच्या आवारात अनधिकृत मजकूर वाटू नये, अन्यथा कारवाई केली जाईल. नवऱ्याने ते दोनदा वाचलं. “आई, आता पुरे झालं हं.”

सासूबाईंनी टेबलावरच उत्तर लिहिलं. एकतीस वर्षांची सवय, मसुदा करावा लागत नाही. ‘आपले पत्र मिळाले. मजकुरात चूक असल्यास कोणती ते कळवावे, दुरुस्त करून वाटीन. चूक नसल्यास ती आपल्या फॉर्ममध्ये आहे.’ खाली सही, आणि सहीखाली ‘निरीक्षक (निवृत्त)’.

“कारवाई केली तर?” नवऱ्याने विचारलं.

“करू देत. पंचनाम्यात निदान मिलिलिटर तरी लिहावे लागतील.”

मी छापखान्यातून आणखी पाचशे काढल्या. या वेळी मालकांनी चांगला कागद दिला, पट्ट्या नव्हेत. 

सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा बाकावर मामा बसलेले होते. त्यांच्या तपासणीचा वार शुक्रवार. मामी शेजारी पिशवी धरून. सासूबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. नुसता हात पुढे केला, तळवा वर करून, शाळेत पोरांकडून वह्या मागून घ्याव्यात तसा. सासूबाईंनी अर्धा गठ्ठा त्या हातावर ठेवला. हात अजून थोडा थरथरत होता.

“तुझ्यासाठी आलेलो नाही,” मामा समोर बघत म्हणाले. “यात ‘पुष्कळ’ म्हणजे किती ते लिहिलेलं नाही. मोघम प्रश्न मी शाळेत चालू दिला नाही.”

“पुढच्या खेपेला आकडा घालते,” सासूबाई म्हणाल्या.

“घाल.”

तेवढ्यात आतून शिपाई आला. मागून डॉक्टरही आले, हातात मुख्य कार्यालयाच्या पत्राची प्रत. “बाई, मला वरून सांगितलंय. तुम्हाला बाहेर जावं लागेल.”

सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मामा उठून उभे राहिले, आणि त्या आवाजात, ज्या आवाजाला आम्ही सगळे जन्मभर घाबरलो, म्हणाले, “आम्ही पेशंट आहोत. नंबर लागेपर्यंत बसणार.”